पाहुणा यजमान : ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मधील किरकोळ नोंदींचे वाचन

१

अमेरिकेतील एनबीसी या दूरचित्रवाणी-जाळ्यावर ११ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या प्रहसनप्रधान कार्यक्रमाचा पन्नासावा हंगाम मे २०२५ मध्ये पूर्ण झाला. लॉर्न मायकल्स या कॅनडात जन्मलेल्या निर्मात्याने घडविलेल्या या कार्यक्रमाची चौकट प्रारंभापासून फारशी बदललेली नाही. न्यूयॉर्कमधील रॉकफेलर प्लाझाच्या इमारतीतला ‘आठ-एच’ हा स्टुडिओ, शनिवारी रात्री साडेअकरा ते एक ही वेळ, कायम नटसंच, एक संगीत-पाहुणा आणि दर आठवड्याला बदलणारा एक ‘होस्ट’ ही ती चौकट होय. या होस्टविषयी विपुल किरकोळ माहिती गोळा झालेली आहे. सर्वाधिक वेळा कोण आले, सर्वांत लहान कोण, सर्वांत वृद्ध कोण, कोणाला पुन्हा बोलावले नाही, अशा नोंदींच्या याद्या पुस्तकांतून, वृत्तपत्रांतून आणि प्रश्नमंजूषांतून फिरत असतात. अभ्यासक त्यांच्याकडे बहुधा करमणुकीची सामग्री म्हणून पाहतात आणि राजकीय विडंबन, वंश, लिंगभाव यांसारख्या ‘गंभीर’ विषयांकडे वळतात.

तथापि प्रयोगरूप आणि क्षणजीवी कलाप्रकारांच्या बाबतीत किरकोळ नोंद हीच अनेकदा इतिहासाची पहिली सामग्री असते. तमाशाच्या फडांचा किंवा संगीत रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कोणत्या रात्री कोणी कोणाची भूमिका ऐनवेळी केली, कोणत्या गावी प्रयोग बंद पडला, अशा आठवणींतूनच त्यांना रंगभूमीच्या रीतींचा शोध घ्यावा लागतो. येथे प्रश्न एवढाच आहे की, ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या होस्टविषयीच्या नोंदी एकत्र वाचल्या असता त्यांतून कोणता आकृतिबंध हाती लागतो, आणि याद्यांच्या स्वरूपातच असे काय आहे की जे तो आकृतिबंध झाकून टाकते?

२

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘होस्ट’ या संज्ञेसाठी मराठीत ‘सूत्रसंचालक’ आणि ‘निवेदक’ हे शब्द रूढ आहेत. येथे ते दोन्ही अपुरे पडतात. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत येणाऱ्या सूत्रधाराला प्रयोगाची सर्व सूत्रे ठाऊक असतात. नटसंच त्याचा असतो आणि नाटकाची निवडही बहुधा त्याचीच असते. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चा होस्ट याच्या नेमका उलट आहे. तो सोमवारी निर्मात्याच्या दालनात लेखकांना भेटतो. मंगळवारी रात्रभर लेखन चालते. बुधवारी मोठ्या संख्येने लिहिलेल्या प्रवेशांचे सामुदायिक वाचन होते आणि त्यांतील थोडेच निवडले जातात. शनिवारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते आणि तिच्यानंतर, प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या काही वेळ आधी, आणखी काही प्रवेश गळतात. मोठ्या अक्षरांत हाताने लिहिलेल्या फलकांवरून होस्ट आपली वाक्ये वाचतो. थोडक्यात, घरातील सर्वांत कमी माहिती असलेली व्यक्ती त्या रात्रीपुरती घरधनी म्हणून पुढे उभी केली जाते.

लॅटिनमधील ‘हॉस्पेस’ या शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. फ्रेंचमधील ‘ओत’ या शब्दात तीच द्व्यर्थता टिकून आहे. आतिथ्याविषयीच्या देरिदाच्या विवेचनाचा एक आधार हाच आहे. मात्र भारतीय वाचकाला त्याहून जवळचा आणि अधिक काटेकोर शब्द उपलब्ध आहे, तो म्हणजे ‘यजमान’. मराठीत आज तो घरधनी किंवा पती या अर्थाने वापरला जात असला, तरी त्याचा मूळ अर्थ यज्ञ करविणारा असा आहे. यज्ञाचे तंत्र ऋत्विजांना अवगत असते. मंत्र, क्रम, आहुती हे सर्व त्यांच्या हाती असते. यजमान दीक्षा घेऊन ठरावीक काळापुरता त्या कर्मात प्रवेश करतो आणि यज्ञाचे फळ मात्र त्याच्या नावे जमा होते. कर्म संपल्यावर अवभृथस्नान करून तो पुन्हा लौकिकात परततो. आठवडाभराची तालीम, कायम नटसंचाकडे असलेले तंत्र, होस्टच्या नावाने ओळखला जाणारा भाग आणि शेवटी सर्व कलावंतांच्या घोळक्यात उभे राहून घेतलेला निरोप, हे सारे सूत्रधारापेक्षा यजमानाच्या संकल्पनेशी अधिक जुळणारे आहे. म्हणून येथे होस्टसाठी ‘यजमान’ हीच संज्ञा योजिली आहे. हे साम्य रचनेपुरते आहे, त्यामागे कोणताही ऐतिहासिक अनुबंध सुचवावयाचा नाही, हे सांगणे न लगे.

३

यजमानपदाची ही रचना पहिल्याच दिवशी सिद्ध झालेली नव्हती, हे दाखवून देणारी नोंद पहिल्याच भागाविषयीची आहे. पहिला यजमान जॉर्ज कार्लिन हा विनोदी एकपात्री कलावंत होता आणि त्याने त्या रात्री आपली भाषणेच सादर केली; प्रहसनांत तो उतरला नाही. दुसऱ्या भागाचा यजमान पॉल सायमन याच्या रात्रीत गाण्यांचाच भरणा अधिक होता. म्हणजे यजमानाने प्रारंभीचे भाषण करावे, नंतर नटसंचात मिसळून भूमिका कराव्यात आणि अखेरीस निरोप घ्यावा हा आज ‘मूळचा’ वाटणारा संकेत प्रयोगांतून क्रमाक्रमाने घडत गेला. ८ नोव्हेंबर १९७५ च्या चौथ्या भागात कँडिस बर्गन ही पहिली स्त्री-यजमान आली आणि त्याच हंगामात तिला पुन्हा बोलावण्यात आले. पुन्हा येणारी पहिली व्यक्ती तीच.

१३ डिसेंबर १९७५ चा रिचर्ड प्रायर याचा भाग या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. कार्यक्रमाचा हा पहिला कृष्णवर्णीय यजमान. तो प्रक्षेपणात काय बोलेल या भीतीने वाहिनीने काही सेकंदांच्या विलंबाचा आग्रह धरला, ही किरकोळ नोंद सर्वत्र आढळते. तिचा अर्थ मात्र क्वचितच तपासला जातो. कार्यक्रमाच्या नावातच ‘लाइव्ह’ हा शब्द पुढे आला, आणि तत्क्षणता हेच त्याचे सौंदर्यमूल्य मानले गेले. त्या मूल्याला पहिला अपवाद यजमानाच्या वर्णाशी आणि भाषेशी निगडित भयातून सुचला, हे लक्षात घ्यावे लागते. त्याच भागातील नोकरीच्या मुलाखतीचे प्रसिद्ध प्रहसन, ज्यात चेव्ही चेसने साकारलेला अधिकारी शब्दांच्या जोड्या जुळविण्याच्या चाचणीच्या मिषाने वांशिक शिव्यांपर्यंत पोहोचतो आणि प्रायर त्या प्रत्येकीला उत्तर देतो, ते या भयालाच विषय करते. पाहुण्याच्या तोंडावर घराचा विश्वास नाही आणि घरातल्या माणसाच्या तोंडूनच अपशब्द बाहेर पडतात, हा त्या प्रहसनाचा उपरोध प्रक्षेपणाच्या तांत्रिक तपशिलाशी जोडून वाचला तरच पूर्णपणे उलगडतो.

यजमान आणि प्रहसन यांच्यातील सीमारेषा किती पातळ असते याची साक्ष ३० ऑक्टोबर १९७६ च्या भागात मिळते. सामुराईच्या प्रहसनात जॉन बेलुशीच्या तलवारीचा घाव यजमान बक हेन्रीच्या कपाळाला लागला. जखम खरी होती, आणि कपाळावर पट्टी लावून हेन्रीने उरलेला भाग पार पाडला. नटसंचातील इतरांनीही पुढील प्रवेशांत पट्ट्या लावल्या. अपघाताचे अर्ध्या-पाऊण तासात संकेतात रूपांतर झाले. पाहुण्याला झालेली जखम घराने स्वतःच्या अंगावर घेतली आणि त्या क्षणी तो पाहुणा राहिला नाही, असेही म्हणता येईल. हेन्री १९७६ ते १९८० या काळात दहा वेळा यजमान झाला.

४

आता याद्यांकडे वळावयास हरकत नाही. सर्वांत ठळक यादी संख्येची आहे. ॲलेक बाल्डविन १७ वेळा, स्टीव्ह मार्टिन १६ वेळा, टॉम हँक्स १० वेळा, असा तिचा क्रम सांगितला जातो. ही संख्या नेमके काय मोजते, असा प्रश्न विचारला असता उत्तर अनपेक्षित येते. ती यजमानाचे महत्त्व मोजत नाही. प्रायर एकदाच आला, पण कार्यक्रमाच्या इतिहासात त्या एका रात्रीचे स्थान अढळ आहे. संख्या मोजते ते घराचा पाहुण्यावरील विश्वास, म्हणजेच पुन्हा बोलावण्याची इच्छा. त्यामुळे संख्येची यादी ही मुळात निवडीच्या सत्तेची यादी आहे.

८ डिसेंबर १९९० रोजी हँक्सच्या पाचव्या यजमानपदाच्या निमित्ताने या संख्येलाच प्रहसनाचा विषय करण्यात आले. पाच वेळा यजमान झालेल्यांचे एक खानदानी मंडळ आहे अशी कल्पना करून पॉल सायमन, स्टीव्ह मार्टिन, इलियट गूल्ड यांना त्यात सभासद म्हणून दाखविले गेले. श्रीमंत पुरुषांच्या क्लबसंस्कृतीची ही थट्टा होती. पुढे मात्र या काल्पनिक मंडळाला वास्तवाचे वजन प्राप्त झाले. पाचव्यांदा येणाऱ्या प्रत्येकाचा ‘प्रवेश’ वृत्तपत्रांची बातमी ठरू लागला आणि त्यासाठी खास जाकीट देण्याची प्रथा पडली. विडंबनातून जन्मलेली संस्था ज्या गोष्टीचे विडंबन करावयाचे तीच होऊन बसली.

या संदर्भात एक तारीख विसरली जाते. कँडिस बर्गनने आपले पाचवे यजमानपद मे १९९० मध्येच, म्हणजे मंडळाची कल्पना पडद्यावर येण्यापूर्वी सुमारे सात महिने, पूर्ण केले होते. त्या वेळी तिच्यासाठी कोणतेही मंडळ कल्पिले गेले नाही. २०१३ साली जस्टिन टिंबरलेकच्या पाचव्या खेपेस सादर झालेल्या मंडळाच्या प्रवेशात ती दिसते. बर्गननंतर पाचचा आकडा गाठणारी पुढची स्त्री ड्रू बॅरीमोर, तीही २००७ साली. संख्यांची यादी ही दोन्ही नावे निमूटपणे नोंदविते. त्यांच्यामधील १७ वर्षांचे अंतर मात्र तिच्यात वाचता येत नाही.

वयाच्या यादीचेही असेच आहे. बॅरीमोर २० नोव्हेंबर १९८२ रोजी सातव्या वर्षी यजमान झाली, हा सर्वांत लहान वयाचा विक्रम. ८ मे २०१० रोजी ८८ वर्षांची बेटी व्हाइट यजमान झाली, हा सर्वाधिक वयाचा. या दोन टोकांच्या दरम्यान १७ डिसेंबर १९७७ ची एक रात्र आहे. ‘यजमान कोणीही होऊ शकतो’ अशी स्पर्धा कार्यक्रमाने जाहीर केली, टपालाने प्रवेशिका मागविल्या, आणि न्यू ऑर्लीन्सची ८० वर्षांची एक आजी निवडून आली. तिचा वयाचा विक्रम व्हाइटने मोडला, एवढीच नोंद याद्यांमध्ये उरते. वास्तविक या दोन घटनांमधील फरक वयाचा नाहीच. १९७७ साली प्रसिद्धीच्या बाहेरच्या माणसाला यजमानपद देण्याची शक्यता एकदाच उघडली आणि लगेच मिटली. २०१० साली फेसबुकवरील मोहिमेने प्रेक्षकांचा आवाज पुन्हा आत आणला, पण तो दूरचित्रवाणीच्या एका जुन्या, सर्वपरिचित अभिनेत्रीसाठी. लोकांनी निवडावे आणि निवड प्रसिद्धांमधूनच व्हावी, या नव्या संकेताची ती खूण होय.

५

याद्यांच्या मर्यादा राजकीय यजमानांच्या बाबतीत सर्वाधिक गंभीर होतात. १७ एप्रिल १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचे वृत्तसचिव रॉन नेसन यजमान झाले आणि स्वतः फोर्ड यांनी काही वाक्ये ध्वनिचित्रमुद्रित करून दिली. चेव्ही चेस त्या काळात फोर्ड यांच्या धडपडण्याची नक्कल करीत असे. विनोद सहन करण्याची तयारी दाखवून विनोदाची धार बोथट करावी, हा सत्तेचा जुनाच डाव येथे नव्या माध्यमात खेळला गेला. त्यानंतर राल्फ नेडर, जेसी जॅक्सन, रूडी जुलियानी, अल गोर असे अनेक सार्वजनिक पुरुष या पदावर आले. जॉन मॅकेन २००२ साली यजमान झाला तेव्हा तो पदावर असलेला सिनेटर होता.

डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव यादीत दोनदा येते : ३ एप्रिल २००४ आणि ७ नोव्हेंबर २०१५. यादीच्या दृष्टीने ही केवळ पुनरावृत्ती. पहिल्या वेळी ते त्याच वाहिनीवरील एका वास्तवदर्शी मालिकेचे नायक होते. दुसऱ्या वेळी ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत होते, आणि स्थलांतरितांविषयीच्या त्यांच्या विधानांनंतर याच वाहिनीने काही महिने आधी त्यांच्याशी व्यावसायिक संबंध तोडल्याचे जाहीर केले होते. स्टुडिओबाहेर निदर्शने झाली. अमेरिकी दळणवळण कायद्यातील उमेदवारांना समान वेळ देण्याच्या तरतुदीमुळे त्यांच्या पडद्यावरील उपस्थितीचे मोजमाप करण्यात आले. ते १२ मिनिटे ५ सेकंद भरले, आणि त्या हिशेबाने त्याच पक्षाच्या काही प्रतिस्पर्धी उमेदवारांना वेळ देण्यात आली. प्रश्नमंजूषेत शोभावा असा हा तपशील वस्तुतः कायद्याचा आहे. यजमानपद हे विनोदाचे आसन नसून प्रसारणकाळाच्या रूपातील राजकीय देणगी आहे, अशी त्याने अधिकृत कबुली दिली.

याउलट राजकारणावर सर्वाधिक परिणाम करणारे पाहुणे कित्येकदा यजमानांच्या यादीत नसतातच. १८ ऑक्टोबर २००८ रोजी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सॅरा पेलिन कार्यक्रमात आल्या. त्या रात्रीचा यजमान होता अभिनेता जॉश ब्रोलिन. पेलिन यांची भूमिका करून त्या निवडणुकीची भाषाच बदलणारी टीना फे ही १३ सप्टेंबर २००८ च्या पहिल्या प्रवेशात यजमान नव्हती. ते स्थान जलतरणपटू मायकल फेल्प्स याचे होते. यजमानांची यादी त्या हंगामाचा इतिहास म्हणून वाचणारा अभ्यासक ब्रोलिन आणि फेल्प्स यांच्यापाशी थांबेल.

प्रतिनिधित्वाच्या संदर्भातही हीच सावधगिरी आवश्यक आहे. २१ जानेवारी २०१७ रोजी, ट्रम्प यांच्या शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी, तमिळ कुटुंबात जन्मलेला अझीझ अन्सारी यजमान झाला. दक्षिण आशियाई वंशाचा तो पहिला यजमान. ‘पहिला’ या शब्दात गौरव आहे, पण कार्यक्रमाच्या बेचाळिसाव्या हंगामात तो उच्चारावा लागला, यातच त्या गौरवाचा हिशेबही आहे.

६

‘बंदी घातलेल्या यजमानां’ची यादी सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत अविश्वसनीय. २९ ऑक्टोबर १९७७ च्या भागात यजमान चार्ल्स ग्रोडिन तालमीला आलाच नाही आणि त्याला काही ठाऊक नाही, अशी कल्पना भागभर खेळविली गेली. पुढे अनेक याद्यांनी ती कल्पनाच वस्तुस्थिती मानून त्याला दोषींच्या रांगेत बसविले. येथे प्रश्न पाठचिकित्सेचा आहे. मार्टिन लॉरेन्सच्या १९ फेब्रुवारी १९९४ च्या भाषणाचा एक अंश पुनःप्रक्षेपणात काढून त्याजागी पडद्यावर मजकूर दाखविला गेला. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी, टिम रॉबिन्स यजमान असताना, गायिका शिनेड ओकॉनरने पोपचे छायाचित्र फाडले. पुनःप्रक्षेपणात मात्र तिच्या रंगीत तालमीचे चित्रण वापरले गेले. पुढच्या आठवड्याचा यजमान जो पेशी याने तेच छायाचित्र जोडून प्रेक्षकांना दाखविले. घराची शिस्त राखण्याचे काम येथे नव्या पाहुण्याने केले. अशा वेळी ‘तो भाग’ म्हणजे नेमकी कोणती संहिता? त्या रात्री प्रक्षेपित झालेली की पुढे जतन झालेली? पाठभेदांची सवय असलेल्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. फरक इतकाच की येथे भेद लेखनिकाच्या प्रमादातून आलेले नाहीत, मालकाच्या निर्णयातून आले आहेत.

मराठीतील एका उदाहरणाशी तुलना केल्यास यजमानपदाचे वेगळेपण आणखी स्पष्ट होते. २०१४ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्येही आपल्या नव्या कलाकृतीच्या प्रसिद्धीसाठी पाहुणे येत असत. मात्र ते प्रामुख्याने प्रेक्षक म्हणून बसत. थट्टा त्यांच्यासमोर आणि त्यांच्याविषयी होई, आणि घर घरच्यांच्याच हाती राही. पाहुण्याचा मान राखण्याची ही एक रीत. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात प्रसिद्धीचा हेतू तोच असतो, परंतु तिथे पाहुण्याला घर सोपविल्याचा देखावा करावा लागतो, आणि देखाव्याची किंमत म्हणून त्याला स्वतःलाच हास्यास्पद व्हावे लागते. ११ डिसेंबर १९८२ रोजी ‘फॉर्टीएट अवर्स’ या नव्या चित्रपटाचा नायक निक नोल्टी आजारी पडला तेव्हा त्याच चित्रपटातील सहनायक, आणि कार्यक्रमाच्या नटसंचातील कलावंत, एडी मर्फी यजमान झाला. ऋत्विजाने यजमानाचे आसन घेतल्याचे हे एकमेव उदाहरण. घरच्याच माणसाला घराचा मान मिळण्यासाठी आधी बाहेरची कीर्ती मिळवावी लागली, हे त्या रात्रीने उघड केले.

७

या सर्व नोंदींचा विचार करताना अखेरीस दोन रात्री समोर ठेवणे उचित होईल. ११ एप्रिल २०२० रोजी महामारीमुळे स्टुडिओ बंद असताना टॉम हँक्स आपल्याच घरातील स्वयंपाकघरातून यजमान झाला. करोनाच्या आजारातून तो नुकताच बरा झालेला होता. कार्यक्रमाच्या पंचेचाळीस हंगामांच्या इतिहासात यजमान खरोखर स्वतःच्या घरी असण्याची ती अपूर्व वेळ होती, आणि तिथे प्रेक्षक नव्हते. १८ डिसेंबर २०२१ रोजी पॉल रड पाचव्यांदा आला. साथीच्या नव्या लाटेमुळे प्रेक्षक आणि बहुतांश नटसंच यांना परत पाठवावे लागले होते. मंडळाच्या प्रवेशाचा सोहळा जवळजवळ रिकाम्या स्टुडिओत झाला.

संख्येच्या याद्यांत या दोन रात्री ‘दहावी’ आणि ‘पाचवी’ एवढ्याच नोंदल्या जातात. तथापि यजमानपद प्रेक्षकांच्या साक्षीवर किती अवलंबून आहे हे इतर कोणत्याही रात्रीपेक्षा या दोन रात्रींनी स्पष्ट केले. ‘अतिथी’ या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी सांगितली जाते. या कार्यक्रमाच्या पाहुण्याला उलट तिथीच तेवढी असते : एक शनिवार, दीड तास, आणि नंतर यादीतील एक ओळ. ती ओळ क्षुल्लक आहे म्हणून टाकून देणे सोपे, आणि ती पूर्ण आहे असे मानणे त्याहून सोपे. तुलनात्मक अभ्यासाने तिच्याकडे हस्तलिखिताच्या पुष्पिकेप्रमाणे पाहावे. पुष्पिका कर्ता, काळ आणि स्थळ सांगते, आणि ग्रंथ कोणाच्या आज्ञेने लिहिला गेला हेही कित्येकदा त्याच ओळीत दडलेले असते.